रुग्णवाहिका मागितली, पोलीस आले : ९११ आणि ९८८ यांमधला तुटलेला दुवा

न्यू जर्सीत सतरा महिन्यांच्या काळात तीन मृत्यू झाले आणि तिन्हींची सुरुवात मदतीच्या हाकेने झाली. ३ मार्च २०२३ रोजी पॅटरसनमध्ये मानसिक संकटात सापडलेला एक तरुण कित्येक तास न्हाणीघरात दार लावून बसला होता. हिंसाचार रोखण्याचे काम करणाऱ्या ज्या संस्थेत तो स्वतः नोकरीला होता, तिचे सहकारी बाहेर येऊन थांबले होते. त्यांना त्याच्यापर्यंत जाऊ दिले गेले नाही. २७ ऑगस्ट २०२३ रोजी जर्सी सिटीत एका कुटुंबाने ९११ ऐवजी मुद्दाम रुग्णालयाच्या मानसिक आपत्कालीन सेवेला फोन केला. त्या सेवेच्या रीतीप्रमाणे पोलिसांनाही बोलावले गेले. २८ जुलै २०२४ रोजी फोर्ट लीमध्ये एका भावाने आपल्या २५ वर्षांच्या बहिणीला रुग्णालयात न्यायचे आहे, असे ९११ ला कळवले. आधी पोलीस पोहोचले आणि त्यांनी दार तोडले. तिन्ही घटनांत शेवट पोलिसांच्या गोळीने झाला.

याच काळात हडसनपलीकडे, क्वीन्समधील ओझोन पार्क भागात, २७ मार्च २०२४ रोजी बांगलादेशी वंशाच्या एका १९ वर्षांच्या मुलाने स्वतःच ९११ ला फोन केला होता. पोलीस घरात आल्यानंतर काही मिनिटांतच तो आपल्या आईसमोर मारला गेला. दक्षिण आशियाई घरांत या घटनेची चर्चा बराच काळ होत राहिली, कारण त्या घरात आपल्यापैकी अनेकांना आपलेच घर दिसले.

या चारही घटनांवर साधारण दोन प्रकारची भाष्ये झाली. काहींनी सारा दोष गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर ठेवला. काहींनी हातात चाकू असलेल्या माणसासमोर पोलिसांनी दुसरे काय करायचे, असा प्रश्न केला. दोन्ही भाष्ये दारापाशी सुरू होतात आणि दारापाशीच संपतात. प्रत्यक्षात निर्णय त्याआधी, कंट्रोल रूममधल्या एका खुर्चीत, फोन उचलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत झालेला असतो. कोणाला पाठवायचे, हा तो निर्णय. अमेरिकेने गेल्या काही वर्षांत मानसिक संकटासाठी नवा क्रमांक दिला, नवी पथके उभारली, नवे कायदे केले. परंतु जुनी खुर्ची आणि नवी पथके यांना जोडणारा दुवा अनेक ठिकाणी अजूनही कच्चा आहे. खरा प्रश्न तिथे आहे.

फोन उचलणाऱ्याच्या खुर्चीतून

९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलिव्हिल या छोट्या गावात वाजला. आज देशभरात सुमारे सहा हजार केंद्रे हा क्रमांक सांभाळतात आणि वर्षाला अंदाजे २४ कोटी कॉल घेतात. ही व्यवस्था राष्ट्रीय वाटते, पण ती स्थानिक आहे. कुठे ती पोलीस खात्याच्या ताब्यात, कुठे काउंटी शेरीफच्या, तर कुठे स्वतंत्र विभागाच्या. तिला परंपरेने तीनच हात आहेत : पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका. मानसिक संकट या तिन्हींपैकी कशातच नीट बसत नाही.

डिस्पॅचरने विचारायचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. पत्ता कोणता? कोणी जखमी आहे का? घरात शस्त्र आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘स्वयंपाकघरातला चाकू त्याच्या हातात आहे’ असे आले, की पुढची वाट जवळपास आखलेलीच असते. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेच्या नियमानुसार घटनास्थळापासून थोडे दूर थांबावे लागते. पोलिसांनी जागा सुरक्षित असल्याचे सांगितल्यावरच ते आत जातात. म्हणून कुटुंबाने रुग्णवाहिका मागितली, तरी दार पोलीसच ठोठावतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. चोरी, मारामारी आणि हृदयविकाराचा झटका यांसाठी घडवलेल्या यंत्रणेत आजारी मन आले, की यंत्रणा त्याला तिच्या ओळखीच्या खणात टाकते.

डिस्पॅचरच्या बाजूनेही पाहायला हवे. कमी पोलीस पाठवले आणि काही विपरीत घडले, तर जाब त्याला द्यावा लागतो. जास्त पोलीस पाठवून विपरीत घडले, तर चौकशी अधिकाऱ्याची होते. मनुष्यबळाची टंचाई या कक्षांत जुनीच आहे. अशा स्थितीत संशय आला की पोलीस पाठवणे, हाच त्या खुर्चीसाठी सर्वात सुरक्षित निर्णय ठरतो. व्यवस्था बदलायची, तर हे गणित बदलावे लागेल.

पोलिसांना प्रशिक्षण देऊन हे साधेल, अशी आशा जुनी आहे. १९८८ मध्ये टेनेसीतील मेम्फिस शहरात, आदल्या वर्षी मानसिक आजारी व्यक्ती पोलिसांच्या गोळीने मेल्यानंतर, अधिकाऱ्यांसाठी ४० तासांचे खास प्रशिक्षण सुरू झाले. ते देशभर पसरले आणि त्याचा उपयोगही झाला. तरीही वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून ठेवलेल्या नोंदींनुसार पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांपैकी साधारण पाचांपैकी एकाला मानसिक आजार असल्याचे ज्ञात होते. उलट बाजूने पाहिले, तर मिनियापोलिसच्या पोलिसांविषयी केंद्रीय न्याय खात्याने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मानसिक आरोग्याच्या कॉलपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी कॉलमध्ये जागेवर अटक झाल्याचे नोंदले होते. म्हणजे बहुसंख्य वेळा पोलिसांनी करण्याजोगे तिथे काही नव्हतेच. त्या खात्याने मे २०२५ मध्ये हे निष्कर्ष मागे घेतले. राजकारण बदलले, तरी कॉलचे स्वरूप बदललेले नाही.

दोन क्रमांक, दोन स्वभाव

१६ जुलै २०२२ रोजी ९८८ सुरू झाला. २०२० च्या कायद्याने आत्महत्या आणि मानसिक संकटासाठी हा तीन अंकी क्रमांक राखून ठेवला होता. त्यामागची कल्पना तीन शब्दसमूहांत मांडली जाते : बोलायला कोणी, यायला कोणी, जायला जागा. फोनवर समुपदेशक, गरज पडल्यास घरी येणारे फिरते पथक, आणि त्याहून गरज पडल्यास पोलीस कोठडी किंवा गजबजलेल्या इमर्जन्सी रूमऐवजी शांत उपचारकेंद्र.

यांपैकी पहिला पाय भक्कम झाला. पहिल्या दोन वर्षांत एक कोटीहून अधिक कॉल, टेक्स्ट आणि चॅट ९८८ ने हाताळले. बहुतेक संवाद फोनवरच मार्गी लागतात. दर शंभरांपैकी दोनहून कमी प्रसंगांत ९११ ची मदत घ्यावी लागते. दुसरा आणि तिसरा पाय मात्र राज्यागणिक, किंबहुना काउंटीगणिक वेगळा आहे.

दोन्ही क्रमांकांचे स्वभावही भिन्न आहेत. ९११ ला फोन करणाऱ्याचे ठिकाण कळते आणि कळायलाच हवे. ९८८ ची रचना गोपनीयतेवर उभी आहे. समुपदेशकाला नेमका पत्ता दिसत नाही, तो विचारावा लागतो. आरंभी तर कॉल फोनच्या एरिया कोडनुसार जात असे. ह्यूस्टनला शिकायला आलेला विद्यार्थी नोकरीसाठी एडिसनला स्थिरावला आणि जुनाच क्रमांक वापरत राहिला, तर त्याचा कॉल टेक्सासमधील केंद्रात पोहोचे. तिथल्या समुपदेशकाला एडिसनमधले पथक ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने मोबाइल कंपन्यांना नियम घालून दिला, की कॉल फोन करणाऱ्याच्या ढोबळ ठिकाणानुसार जवळच्या केंद्रात जावा. मोठ्या कंपन्यांनी तो अमलात आणला आहे. नेमका पत्ता मात्र यातून कळत नाही.

या भिन्न स्वभावांमुळे दोघांमधली देवाणघेवाण अवघड होते. ९११ च्या संगणकात घटना नोंदली जाते, तिथूनच गाडी पाठवली जाते आणि ती कुठे पोहोचली हे पडद्यावर दिसते. अनेक ठिकाणी ९८८ च्या केंद्राचा या संगणकाशी संबंध नसतो. मग एका केंद्राने दुसऱ्याला फोन करायचा, सगळी हकीकत पुन्हा सांगायची आणि तोवर संकटातल्या माणसाने दुसऱ्या आवाजाशी पहिल्यापासून बोलायचे. रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवताना केस पेपर मागे राहावा, तसे हे आहे.

जिथे दुवा जुळला

अमेरिकेत जिथे हे काम चांगले झाले, तिथे एक गोष्ट समान दिसते : पथक पाठवण्याचा अधिकार त्याच खोलीत होता, जिथून पोलिसांची गाडी सुटते.

ओरेगनमधील युजीन शहरात १९८९ मध्ये व्हाइट बर्ड क्लिनिकने कहूट्स हे पथक सुरू केले. एक आरोग्य कर्मचारी, एक समुपदेशक आणि एक व्हॅन. शहराच्या नियंत्रण कक्षातूनच त्यांना पाठवले जाई. डेन्व्हरने जून २०२० मध्ये स्टार हा उपक्रम याच धर्तीवर आणला. ९११ चा डिस्पॅचरच ठरवतो, की इथे व्हॅन जावी. पहिल्या सहा महिन्यांत त्या पथकाने ७४८ कॉल हाताळले आणि एकदाही अटक करावी लागली नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले, की ज्या भागांत स्टार चालू होते, तिथे त्याच्या कक्षेतील किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी सुमारे ३४ टक्क्यांनी घटल्या.

टेक्सासमधील ऑस्टिनने याहून साधे पाऊल उचलले. २०२१ पासून तिथे ९११ उचलताच विचारले जाते : पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका की मानसिक आरोग्य सेवा? चौथा पर्याय प्रश्नातच आला. मानसिक आरोग्य तज्ज्ञ त्याच कॉल सेंटरमध्ये बसतात. अ‍ॅरिझोनातील टुसॉनमध्येही असे तज्ज्ञ ९११ च्या कक्षात आहेत, आणि २०११ पासून तिथे एक संकट-प्रतिसाद केंद्र आहे. पोलिसांनी आणलेल्या माणसाला ते परत पाठवत नाही आणि अधिकाऱ्याला काही मिनिटांत मोकळे करते. अ‍ॅरिझोनातील अनुभव असा, की संकट-रेषेवरचे जवळपास ८० टक्के कॉल फोनवर सुटतात. उरलेल्यांत जिथे पथक जाते, तिथे सुमारे ७० टक्के प्रसंग घरातच निवळतात. कोठडी किंवा रुग्णालय लागते, ते त्यानंतर उरलेल्यांना.

व्हर्जिनियाने कायद्याने एक शिडी आखली. मे २०१८ मध्ये रिचमंड येथे पोलिसांच्या गोळीने मरण पावलेल्या मार्कस-डेव्हिड पीटर्स या २४ वर्षांच्या जीवशास्त्र शिक्षकाच्या नावाने २०२० मध्ये कायदा झाला. ‘मार्कस अलर्ट’ मध्ये चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ९११ कॉल थेट ९८८ कडे सोपवते. दुसरीवर दोघे मिळून फिरते पथक पाठवतात. तिसरीवर पथकासोबत पोलीस जाऊ शकतात. चौथी जिवावरच्या तातडीची, तिथे पोलीस आणि रुग्णवाहिका लगेच. या शिडीचे मोल असे, की डिस्पॅचरचा निर्णय त्याच्या एकट्याच्या धैर्यावर सोडलेला नाही. कायदा त्याच्या पाठीशी आहे. मिनेसोटाने २०२१ मध्ये, जिथे योग्य असेल तिथे ९११ ने मानसिक संकट-पथकालाच पाठवावे, असा कायदा करून हेच वेगळ्या रीतीने साधण्याचा प्रयत्न केला.

आकड्यांची दुसरी बाजू

या यशकथांच्या आधारे पोलिसांना या कामातून पूर्णपणे वगळता येईल, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. युजीनमध्ये कहूट्स शहराच्या एकूण कॉलपैकी १७ टक्के हाताळते, असा आकडा देशभर फिरला. युजीन पोलिसांच्या विश्लेषणाने दाखवले, की त्यांतले पुष्कळ कॉल एरवीही पोलिसांकडे गेले नसते. पोलिसांवरचा भार प्रत्यक्षात ५ ते ८ टक्क्यांनी हलका झाला. हेही कमी नाही, पण १७ नव्हे. स्टारच्या अभ्यासातही किरकोळ गुन्ह्यांवरचाच परिणाम मोजला होता.

व्हर्जिनियाची शिडीही अजून सर्वत्र उभी नाही. राज्यभर अंमलबजावणीची मुदत २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि ४० हजारांहून कमी वस्तीच्या भागांना काही तरतुदींतून बाहेर राहण्याची मुभा मिळाली.

सर्वात बोधप्रद उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. जून २०२१ मध्ये हार्लेममध्ये सुरू झालेल्या बी-हर्ड उपक्रमात अग्निशमन खात्याचे आरोग्य कर्मचारी आणि सार्वजनिक रुग्णालयांचे समाजकार्यकर्ते एकत्र जाऊ लागले. पथक ९११ मार्फतच पाठवले जाते; म्हणजे खोली एकच. तरीही शहराच्या लेखापरीक्षकांनी मे २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात दिसले, की उपक्रमाच्या क्षेत्रातील मानसिक आरोग्याच्या कॉलपैकी ६० टक्क्यांहून अधिक कॉल अपात्र ठरवले गेले, आणि पात्र ठरलेल्यांपैकीही ३५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी हे पथक गेलेच नाही. पथके दिवसाचे सोळा तास काम करतात. रात्री एक ते सकाळी नऊ हा काळ रिकामा राहतो.

म्हणजे एकाच खोलीत बसणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. निकष इतके अरुंद ठेवले की बहुतेक कॉल गाळले जातात, तर नवे पथक शोभेचे उरते. पथक चोवीस तास नसेल, तर मध्यरात्रीनंतर जुनीच वाट उरते.

न्यू जर्सीतील चार वाटा

मराठी वस्तीच्या दृष्टीने न्यू जर्सीची स्थिती समजून घेण्यासारखी आहे. कारण तिथे साधनांची वानवा नाही, वानवा आहे ती सांधणीची.

पहिली वाट मुलांची. २१ वर्षांखालील मुलांसाठी राज्यात २००४ पासून फिरती प्रतिसाद सेवा उभी राहिली आणि ती देशात आदर्श मानली जाते. पथक तासाभरात घरी येते, आणि संकट कशाला म्हणायचे हे कुटुंबाने ठरवायचे असते. मुलाने आठवडाभर खोली सोडली नाही, हेही पुरेसे कारण ठरते. दुसरी वाट प्रौढांसाठीच्या फिरत्या पथकांची. ती ९८८ मधून जाते. तिसरी वाट राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ‘अराइव्ह टुगेदर’ या उपक्रमाची. डिसेंबर २०२१ मध्ये तो कंबरलँड काउंटीत सुरू झाला आणि पुढे राज्यभर पसरला. त्यात साध्या वेशातला पोलीस अधिकारी आणि मानसिक आरोग्य तज्ज्ञ सोबत जातात, किंवा तज्ज्ञ पोलिसांमागोमाग येतो. चौथी वाट २०२४ च्या जानेवारीत गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याची. पॅटरसन आणि जर्सी सिटीतल्या त्या दोन मृतांच्या आडनावांनी तो सीब्रुक्स-वॉशिंग्टन कायदा म्हणून ओळखला जातो. कॅम्डेन, एसेक्स, हडसन, मर्सर, मिडलसेक्स आणि पसेइक या सहा काउंट्यांत, पोलिसांविना, स्थानिक संस्थांनी चालवायच्या पथकांसाठी त्यात १ कोटी २० लाख डॉलरची तरतूद आहे. एडिसन मिडलसेक्समध्ये, जर्सी सिटी हडसनमध्ये आणि प्रिन्स्टन मर्सरमध्ये आहे. हा कायदा आपल्या दारातला आहे.

चारही वाटा आपापल्या जागी चांगल्या हेतूने काढलेल्या आहेत. परंतु रात्री दोन वाजता, मुलगा की प्रौढ, शस्त्र आहे की नाही, कोणती काउंटी, यावरून योग्य वाट निवडण्याची जबाबदारी घाबरलेल्या आईवर पडते. ती अर्थातच ९११ दाबते. जर्सी सिटीतल्या कुटुंबाने तर योग्य समजली जाणारी वाट निवडली होती आणि तरीही ती पोलिसांपाशीच पोहोचली. कायद्याने पथक दिले, तरी ९११ च्या कक्षाने ते पाठवावे, यासाठी व्हर्जिनियासारखी शिडी आणि ऑस्टिनसारखा चौथा प्रश्न लागतो.

पैशाचे घड्याळ

७ एप्रिल २०२५ रोजी कहूट्सने युजीन शहरातली सेवा थांबवली. ज्या व्हॅनचे अनुकरण देशभर झाले, ती मूळ व्हॅनच पैशाअभावी उभी राहिली. या धड्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

सध्याच्या बऱ्याच पथकांमागे केंद्राचा पैसा आहे. २०२१ च्या कायद्याने फिरत्या संकटसेवेच्या मेडिकेड खर्चात केंद्राचा वाटा तीन वर्षांसाठी ८५ टक्क्यांपर्यंत नेला, आणि ही सवलत ३१ मार्च २०२७ पर्यंतच घेता येते. त्यात जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली आहे. ९११ साठी आपण दर महिन्याच्या फोन बिलात अधिभार भरतो, म्हणून ते केंद्र कधी बंद पडत नाही. ९८८ साठी असा अधिभार लावण्याची मुभा २०२० च्या कायद्याने राज्यांना दिली. व्हर्जिनियाने तो दरमहा १२ सेंट ठेवला, कॅलिफोर्नियाने ८ सेंटपासून सुरुवात केली, वॉशिंग्टन राज्य ४० सेंट घेते. बहुसंख्य राज्यांनी हे पाऊल उचललेले नाही. पोलिसांची गाडी कायमच्या तरतुदीतून धावते आणि संकट-पथकाची व्हॅन तात्पुरत्या अनुदानातून. मग डिस्पॅचरने कोणावर विसंबावे?

आपल्या घरांचा संबंध

स्थलांतरितांसाठी या प्रश्नाला आणखी एक धार आहे. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यांतल्या अनेकांची नावे, पुढे काहीही सिद्ध न झालेल्या किरकोळ पोलीस प्रसंगांमुळे, गुन्हेविषयक नोंदींच्या संगणकात सापडली होती. न्यायालयांत दावे गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. पण व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला : घरात पोलीस येऊ देऊ नयेत. त्यात आपली जुनी सवय मिसळते. घरातला मानसिक आजार चार भिंतींतच ठेवायचा. दोन्ही मिळून होते असे, की फोन केलाच जात नाही, आणि केला जातो तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेलेली असते. पोलिसांविना येणारे पथक म्हणूनच स्थलांतरितांसाठी अधिक मोलाचे आहे. कारण त्याला वेळेवर बोलावले जाण्याची शक्यता अधिक.

काही व्यावहारिक गोष्टी घरात आधीच ठाऊक असाव्यात. ९८८ वर इंग्रजी आणि स्पॅनिशखेरीज २४० हून अधिक भाषांसाठी दुभाष्याची सोय आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी मराठी दुभाषी मागावा. टेक्स्ट आणि चॅट मात्र इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच चालतात. ९११ आणि ९८८ हे दोन्ही क्रमांक फोन करणाऱ्याच्या परिसरातल्या केंद्राला लागतात. सॅन होजेतल्या बहिणीने न्यू जर्सीतल्या भावासाठी ९११ लावले, तर कॅलिफोर्नियातले केंद्र उचलेल. पुण्यातून तर हे क्रमांक लागणारच नाहीत. म्हणून ज्या काउंटीत आपले माणूस राहते, तिथल्या नियंत्रण कक्षाचा आणि संकटसेवेचा पूर्ण दहा आकडी क्रमांक शोधून ठेवावा.

९११ लावणे अटळच झाले, तर पहिल्याच वाक्यात हा मानसिक आरोग्याचा प्रसंग आहे असे सांगावे. निदान, औषधे, भाषा आणि घरात कोण कोण आहे ते सांगावे. मानसिक आरोग्य पथक किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी स्पष्टपणे मागावा. शस्त्राविषयी खोटे सांगू नये. पण धारदार वस्तू आधीच दूर केल्या असतील, तर तेही आवर्जून सांगावे. जिवाला तत्काळ धोका असेल, तर ९११ लावण्यास कचरू नये.

आईवडील तिकडे असलेल्यांसाठी एक गोष्ट : भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि ती मराठीतही बोलते. बोलायला कोणी, हा पाय तिथे उभा राहिला. घरी येणारे पथक मात्र त्या क्रमांकामागे नाही. ११२ वर पोलीस येतात, १०८ वर रुग्णवाहिका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला संरक्षण देण्याचे कर्तव्य पोलिसांवरच टाकले आहे. अमेरिकेने ज्या टप्प्यावर चुका केल्या, त्या टप्प्यावर भारत आता येत आहे.

पुढे काय

या प्रश्नावरचे निर्णय वॉशिंग्टनमध्ये कमी आणि काउंटीच्या सभागृहात जास्त होतात. ९११ च्या कक्षात मानसिक आरोग्य तज्ज्ञ बसतो का? पथक रात्री एकनंतर उपलब्ध असते का? कॉल कोणत्या निकषांवर गाळले जातात, आणि किती गाळले गेले याचे आकडे प्रसिद्ध होतात का? २०२७ नंतर पैसा कुठून येणार? हे चार प्रश्न काउंटी आयुक्तांच्या बैठकीत कोणताही रहिवासी विचारू शकतो. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. आपली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवासाठी शाळांची सभागृहे आणि पोलिसांचा बंदोबस्त दरवर्षी ठरवतात. टाउनशिपच्या अधिकाऱ्यांशी त्यांची ओळख असते. ती ओळख या कामी वापरण्यास हरकत नसावी.

रुग्णवाहिका मागणाऱ्या घराला रुग्णवाहिका मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. तिच्यासाठी लागणारी माणसे, क्रमांक आणि कायदे बऱ्याच अंशी तयार आहेत. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे बटण आणि ते दाबण्याचा अधिकार द्यायचा उरला आहे.